न बोलावलेल्या जोशाची दक्षिणा

भोकर काय किंवा पुणें प्रांतांतील एखादें खेडें काय, सुगीला खळ्यावर रास पडली कीं सुतार, लोहार, न्हावी आपापलें बलुतें मागावयास येत. या व्यवहाराला ना कागद, ना साक्षीदार. पूर्वापार चालत आलें आहे, एवढाच त्याचा आधार. सुतारानें औत दुरुस्त केलें कीं नाहीं, हें निदान शेतावर दिसे. ग्रामजोशाची गोष्ट निराळी. लग्नकार्याची दक्षिणा हें त्याचें वतन समजलें जाई. आणि वतन म्हटलें म्हणजे कोणी बोलावो वा न बोलावो, तें बुडत नसे.

24 सप्टेंबर 1873 रोजीं जोतीराव फुले यांनीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत समाजाच्या पद्धतीनें, भटजीवांचून, पहिलें लग्न लागलें. मग दक्षिणेचा प्रश्न आलाच. ज्यानें कोणाला बोलावलें नाहीं, शब्दही दिला नाहीं, त्यानें पैसे कां द्यावे? जोशांचें उत्तर असें कीं, हा शब्द यजमानाचा नव्हे, गांवाचा. न्यायालयाचा कलही तिकडेच होता. यजमानानें दुसऱ्या उपाध्यायाकडून कार्य करविलें, तरी वतनदार जोशास आपली दक्षिणा वसूल करतां येते, असें मुंबई हायकोर्टानें 1874 सालीं ठरविलें होतें.

याच काळांत विलायतेंत काय चाललें होतें तें पाहावें. तेथें 1863 च्या एका प्रसिद्ध निकालानें बॅरिस्टरास, त्यानें रात्रंदिवस खपून खटला चालविला तरी, फीसाठीं पक्षकारावर फिर्याद करण्याची सोय नव्हती. त्याची फी म्हणजे केवळ मानधन. तिकडे काम करूनही दावा नाहीं, इकडे काम न करतांही दावा! आपल्याकडील वकील या दोहोंच्या मध्यें कोठें तरी उभा होता. नागपूरकडे, मध्यप्रांतांत, 1879 च्या कायद्याप्रमाणें फीचा करार लेखी व पक्षकाराच्या सहीचा असून 15 दिवसांच्या आंत जिल्हा न्यायालयांत दाखल करावा लागे. तोंडी बोलीवर विसंबलेला वकील हात चोळीत बसे. पक्षकारांना त्याचें फारसें दुःख झालें नसावें.

योगायोग असा कीं या दोन्ही गांठी 1926 या एकाच वर्षीं सुटल्या. मध्यवर्ती कायद्यानें वकिलास खाजगी करारानें फी ठरविण्याची व तिच्यासाठीं दावा करण्याची मोकळीक दिली. लेखाची सक्ती त्यांत नव्हती. मुंबई इलाख्यांत सीताराम केशव बोले यांच्या खटपटीनें, न बोलावलेल्या उपाध्यायाचा दक्षिणेवरील हक्क रद्द करणारा कायदा झाला. एकीकडे तोंडी शब्दाला बळ आलें, दुसरीकडे न दिलेल्या शब्दाचें ओझें उतरलें.

भोकर मात्र तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. तें राज्य सप्टेंबर 1948 मध्यें संपलें आणि मराठवाडा 1 नोव्हेंबर 1956 रोजीं मुंबई राज्यांत आला. इलाख्यांतील कुणब्याला 1926 सालीं कायद्यानें मिळालेला नकाराचा हक्क भोकरच्या कुणब्यापर्यंत पोंचला नाहीं. तो हद्दीवरच थांबला.