फुटलेली घागर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळ किंवा लग्नकार्य जवळ आले की एक प्रश्न हलक्या आवाजात निघतो : जो भाऊ मंडळी सोडून गेला, त्याला बोलवायचे की नाही? आमच्या गावात तो जरा जास्तच टोचतो. १९८३ साली पुण्याला हलेपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी तीस वर्षे यवतमाळात होती. जिथे धर्मोपदेशक घडले, त्या गावात ‘आमच्यातला एक गेला’ हे सांगताना जीभ अडखळते.

या प्रश्नाचे उत्तर मी आपल्या इतिहासात शोधतो. एकोणिसाव्या शतकात जो ख्रिस्ती होई, त्याला घरचे पंक्तीतून उठवीत. पाण्याची घागर लवंडून किंवा फोडून तो आपल्याला मेला असे जाहीर करण्याचा शास्त्रोक्त विधीही होता. त्याला घटस्फोट म्हणत. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये, असे १८५० च्या कायद्याने ठरविले खरे. पण कायदा वाटणीचे शेत राखील, आईच्या हातचा घास कसा राखणार?

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षांनी त्या नगरला आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. टिळकांनी त्यांचे सोवळे त्यांना पाळू दिले, आग्रह धरला नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनही सोडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांसाठी ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्त त्यांनी सोडला नव्हता, तरी मिशनच्या लोकांना हे जाणे जड गेलेच असेल. १९१९ साली ते वारले. त्यांनी अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

आता उलट बाजू पाहा. १९२८ साली मसूरकर महाराजांनी गोव्यात शुद्धीची चळवळ केली. हजारो गावडे चर्चमधून बाहेर पडले, हजारो आतच राहिले. एकाच रक्ताची माणसे ख्रिस्ती गावडे आणि नवहिंदू गावडे झाली. जे गेले त्यांच्याशी सोयरीक करायला मूळचे हिंदू गावडेही सहजासहजी तयार नव्हते. जुने घर तुटले आणि नव्या घराचा उंबरठा उंच निघाला. अशा माणसाला तोडून आपण नेमके काय मिळवतो?

आपल्याकडच्या काहींच्या जाण्याला कागदाचीही बाजू आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. मुलाच्या शिक्षणासाठी कोणी दाखल्यावरचा धर्म बदलला, तर त्याला यहूदा म्हणण्याआधी त्याच्या घरची चूल पाहावी. आणि कोणी मनापासून बुद्धाकडे वा विठोबाकडे गेला असेल, तर तेही समजून घ्यावे. आपले पूर्वज मनापासूनच ख्रिस्ताकडे आले होते ना?

याचा अर्थ आपली श्रद्धा झाकून ठेवावी असा नाही. जेवणापूर्वीची प्रार्थना त्याच्यासमोर करावी, त्याने डोळे मिटले नाहीत तर तिकडे पाहू नये. ‘परत ये’ हे एकदा प्रेमाने सांगावे, दर घासाला सांगू नये. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतल्या बापाने मुलगा निघाला तेव्हा त्याचा वाटा त्याला दिला आणि तो परतताना दूर असतानाच त्याला ओळखले. वाटेकडे डोळे लावून बसलेल्यालाच असे दिसते.

म्हणून या दिवाळीत त्याच्या घरून फराळाचे ताट आले तर घ्यावे, नाताळात आपले पाठवावे. ज्यांच्या नावाने एकदा घागर फुटली, त्यांनी तरी दुसऱ्याच्या नावाने ती फोडू नये.