सीडी नव्हती, हक्क होता

२०१४ च्या पावसाळ्यात अब्बांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. दुरुस्तीवाला म्हणाला, "नवी टाकतो आणि लोकल विंडोज मारून देतो." अब्बा निवृत्त मराठी शिक्षक. ते म्हणाले, "लॅपटॉप घेताना विंडोजचे पैसे मोजलेत ना आपण? मग चोरीचं कशाला?" मग त्याने सीडी मागितली. ती आमच्याकडे नव्हती. लॅपटॉपसोबत मिळालीच नव्हती.

सीडी नाही म्हणजे हक्क नाही, हा समज जुना आहे. विंडोज ९८ च्या काळात एकच सीडी आणि एकच की गल्लीभर फिरायची. ऑक्टोबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी आणली आणि सोबत अ‍ॅक्टिव्हेशन आलं. तीस दिवसांत ते केलं नाही तर विंडोज आत घेईना. तेव्हापासून सीडीपेक्षा किंमत आली ती पंचवीस अक्षरांच्या कीला. ती यंत्रावर चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेली असे. सातबाऱ्याचा उतारा हरवला म्हणून जमीन जात नाही, तसंच हे.

पुढे बऱ्याच लॅपटॉप कंपन्यांनी सीडी देणंच बंद केलं. विंडोजची प्रत हार्ड डिस्कच्याच एका कप्प्यात ठेवायची आणि ग्राहकाला सांगायचं, कोऱ्या डीव्हीडींवर उतरवून घ्या. किती जणांनी उतरवली? आम्ही तर नाहीच. घराची दुसरी किल्ली त्याच घरात कोंडून ठेवण्याचा हा प्रकार. डिस्क गेली, कप्पाही गेला.

आम्ही लॅपटॉप उलटा केला. स्टिकर होता, पण घासून पुसट झालेला. एक अक्षर 'बी' आहे की आठचा आकडा, यावर घरात तासभर वाद. एका शेजाऱ्याकडे विंडोज ७ होम प्रीमियमचीच डीव्हीडी निघाली. आवृत्ती तीच हवी. डीव्हीडी कोणाची, याने बिघडत नाही, परवाना आपल्या कीचा. नेटवरून अ‍ॅक्टिव्हेशन होईना, म्हणून फोन लावला. अब्बा चष्मा पुसून सहा-सहा आकड्यांचे नऊ गट वर्गात हजेरी घ्यावी तसे वाचत होते. पलीकडून आलेले आकडे मी टाइप केले. झालं. दुसऱ्या दिवशी अब्बांनी स्टिकरवर सेलोटेप लावली.

२०१२ च्या विंडोज ८ पासून लॅपटॉपची की स्टिकरवरून मदरबोर्डच्या चिपमध्ये गेली. २०१५ च्या विंडोज १० पासून तर हक्काची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहू लागली. आता मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर विंडोज फुकट उतरवा, 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा, पूर्वीचीच आवृत्ती टाका. नेट जोडताच यंत्र ओळखलं जातं. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण बाहेरून मदरबोर्ड बदलून घेतला की लॅपटॉपसोबत आलेला परवाना बहुधा अडतो.

मागच्या वर्षी माझ्या लॅपटॉपचा बोर्ड बदलावा लागला, तेव्हा सवयीने तो उलटा केला. खाली नुसता विंडोजचा लोगो होता.