देवीचे वण आणि सफेत्याचा लेप : इंग्लंडमधील मुखलेपनाचा सामाजिक इतिहास (इ. स. १५६२ ते १८०२)

प्रस्तावना :

चेहऱ्यावरील डाग व वण झाकण्यासाठी आज ‘कन्सीलर’ या नावाचे प्रसाधन सर्रास वापरले जाते. अशा प्रसाधनांकडे नटण्यामुरडण्याची हौस म्हणून पाहण्याची प्रथा आहे. सौंदर्यप्रसाधनांचा इतिहासही बहुधा राजदरबारातील फॅशनच्या अंगाने लिहिला गेला. तथापि सोळाव्या ते अठराव्या शतकातील इंग्लंडचा विचार करता मुखलेपनाचा इतिहास हा फार मोठ्या प्रमाणावर एका रोगाचा इतिहास आहे, असे दिसून येते. तो रोग म्हणजे देवी. या रोगाने चेहऱ्यावर उमटविलेल्या खुणांना समाजाने कोणता अर्थ दिला आणि तो अर्थ कोणाला लपवावा लागला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

देवीचा रोग आणि चेहरा :

देवीच्या तीव्र प्रकारात सुमारे तीस टक्के रुग्ण दगावत. जे वाचत त्यांच्यापैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर खोल खड्डे राहत; काहींची दृष्टीही जाई. या रोगाला राजा व रंक असा भेद ठाऊक नव्हता. ऑक्टोबर १५६२ मध्ये हॅम्प्टन कोर्ट येथे राणी पहिली एलिझाबेथ हिला देवी आल्या. तिची शुश्रूषा करणाऱ्या लेडी मेरी सिडनी यांनाही संसर्ग झाला. राणी फारशी विद्रूप न होता बरी झाली; लेडी मेरींचा चेहरा मात्र कायमचा विद्रूप झाला. त्यांचे पती सर हेन्री सिडनी यांनी १५८३ मधील एका पत्रात याचा उल्लेख केला आहे. आपण परदेशी जाताना पत्नी अत्यंत रूपवती होती आणि परतल्यावर देवीने तिला तितकेच कुरूप केलेले पाहिले, असा त्याचा आशय आहे. वीस वर्षांनंतरही पतीला ही हानी नोंदवावीशी वाटली, यावरून त्या काळी स्त्रीच्या चेहऱ्याला असलेले मोल लक्षात येते.

सफेता : निर्मिती आणि मर्यादा :

वण झाकण्याचे प्रमुख साधन म्हणजे सफेता, अर्थात शिशाचा पांढरा कार्बोनेट. त्याची कृती प्राचीन आहे. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने ती वर्णिली आहे. शिशाचे पत्रे शिरक्याच्या मडक्यांवर ठेवून, ती मडकी शेणखतात पुरून, कित्येक आठवड्यांनी पत्र्यांवर धरलेला पांढरा थर खरवडून काढीत. हा रंग दाट, अपारदर्शक व त्वचेला चिकटून राहणारा असल्यामुळे खडू किंवा पिठापेक्षा सरस ठरला.

परंतु देवीच्या वणापुढे सफेत्याची एक मूलभूत अडचण होती. डाग हा रंगाचा दोष आहे, तर देवीचा वण हा खोलगटपणाचा. रंगावर रंग चढविता येतो. खड्ड्यात पडणारी सावली मात्र नुसत्या रंगाने जात नाही. ती घालविण्यासाठी लेप जाड द्यावा लागे, आणि जाड लेप चेहऱ्याच्या हालचालीबरोबर तडकत असे. म्हणजे ज्याचे वण अधिक खोल, त्याच्या वाट्याला शिसेही अधिक येई. शिसे अखंड त्वचेतून फारसे शोषले जात नाही. पण ओठांवाटे पोटात व पुडीच्या रूपाने श्वासात ते सहज जाते. पांडुरोग, पोटशूळ व मनगटाचा लुळेपणा हे त्याचे परिणाम होत.

दुसरा उपाय काळ्या रेशमाच्या वा मखमलीच्या टिकल्या डिंकाने चिकटविण्याचा होता. सॅम्युअल पेपीसने ऑगस्ट १६६० च्या दैनंदिनीत आपल्या पत्नीने लग्नानंतर प्रथमच अशा टिकल्या लावल्याची नोंद केली आहे. १७११ मध्ये जोसेफ ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’ या पत्रात, कोणत्या गालावर टिकल्या लावल्या यावरून स्त्रियांचा राजकीय पक्ष ओळखू येतो, अशी थट्टा केली. वण झाकणारे साधन अर्ध्या शतकात शोभेची वस्तू झाले होते, हे यातून सूचित होते.

वणाचे दोन अर्थ :

येथे एक महत्त्वाचा विरोधाभास नजरेस येतो. अठराव्या शतकातील इंग्रजी वृत्तपत्रांत नोकर हवे असल्याच्या जाहिरातींत, उमेदवारास देवी येऊन गेलेल्या असाव्यात, अशी अट वारंवार आढळते. एकदा देवी येऊन गेलेल्यास त्या सहसा पुन्हा येत नाहीत, हा अनुभव त्यामागे होता. अशा नोकरापासून घरात रोग शिरण्याचे भय नव्हते. पळून गेलेल्या नोकरांच्या व गुन्हेगारांच्या वर्णनात मात्र तेच वण ओळखीची खूण म्हणून छापले जात.

म्हणजे मोलकरणीच्या चेहऱ्यावरील वण हा तिच्या नोकरीचा दाखला होता, तर तिच्या मालकिणीच्या चेहऱ्यावरील तोच वण विवाहाच्या बाजारातील तोटा होता. एकीला तो दाखवावा लागे. दुसरीला तो झाकावा लागे. झाकण्याचीही मोकळीक नव्हती, कारण रंगविलेला चेहरा म्हणजे फसवणूक, असा नैतिक आक्षेप होताच. काउंटेस ऑफ कॉव्हेंट्री मारिया गनिंग हिने रंग लावल्याच्या संशयावरून तिच्या पतीने १७५२ मध्ये पॅरिस येथे मेजवानीत सर्वांसमक्ष रुमालाने तिचा चेहरा पुसला, असे होरेस वॉलपोलने लिहिले आहे. १७६० मध्ये ऐन तारुण्यात तिचा मृत्यू झाला व समकालीनांनी त्याचे खापर प्रसाधनांवर फोडले. सुंदर दिसण्याची अपेक्षा आणि त्यासाठीच्या साधनांची निंदा अशा दुहेरी कात्रीत स्त्री सापडली होती.

लेपाकडून लशीकडे :

लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांचे चरित्र या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. १७१५ च्या अखेरीस त्यांना देवी आल्या. चेहऱ्यावर वण राहिले व पापण्यांचे केस गेले. १७१७ मध्ये तुर्कस्तानात असताना त्यांनी त्वचा नितळ करणारे म्हणून प्रसिद्ध असलेले मक्केचे बाल्सम लावून पाहिले, तेव्हा तीन दिवस चेहरा सुजून लाल झाला. त्याच मुक्कामात त्यांनी तेथील स्त्रियांमध्ये रूढ असलेली देवी टोचण्याची पद्धत पाहिली, १७१८ मध्ये मुलाला व १७२१ मध्ये लंडन येथे मुलीला टोचून घेतले. आपला वण झाकणे साधले नाही. पुढच्या पिढीच्या चेहऱ्यावर तो उमटू न देणे साधले.

१७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने गोस्तन देवीची लस सिद्ध केली. ती १८०२ मध्ये मुंबईस पोहोचली आणि १४ जून रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. भारतातील हे पहिले लसीकरण होय. भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ मध्ये नोंदला गेला व १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगाचे निर्मूलन जाहीर केले.

रोग गेला तरी झाकण्याची गरज संपली नाही. अमेरिकेत लिडिया ओ’लिअरी यांच्या चेहऱ्यावर जन्मतः लाल-जांभळा डाग होता आणि त्यापायी त्यांना नोकरी नाकारली गेली. त्यांनी १९२८ मध्ये ‘कव्हरमार्क’ हा लेप तयार केला व १९३२ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. आज कन्सीलरमध्ये शिशाची जागा मुख्यतः टिटॅनियम डायऑक्साइडने घेतली आहे. द्रव्य निर्धोक झाले. चेहऱ्यावरून माणसाची लायकी ठरविण्याची रीत मात्र टिकून राहिली.

निष्कर्ष :

१) अभ्यासकाळातील इंग्लंडमध्ये मुखलेपनाचा प्रसार समजून घेताना हौसेइतकाच देवीच्या साथींचा विचार करणे आवश्यक आहे.

२) वणाला स्वतःचा असा अर्थ नसतो. वर्ग व लिंग यांनुसार एकच खूण कोठे पात्रता तर कोठे कलंक ठरली.

३) झाकण्याचे ओझे ज्याच्यावर पडले, त्यालाच विषाची व निंदेची किंमत मोजावी लागली.

मराठीत ‘देवीचे वण’ हा शब्दप्रयोग अद्याप कानी पडतो; पण तसा चेहरा आता वृद्धांमध्येही क्वचितच दिसतो. १९७० च्या दशकापर्यंत जन्मलेल्या असंख्य भारतीयांच्या दंडावर मात्र टोचल्याची खूण आहे. ती खूण कोणी कधी झाकली नाही. कोणता वण लपवावा आणि कोणता निःसंकोच वागवावा हे त्वचा ठरवीत नाही, समाज ठरवितो. प्रसाधनांच्या इतिहासाचे संशोधन या दिशेने होणे अगत्याचे आहे.