कॅम्परसाठी पिकअप निवडताना...

अमेरिकेत कॅम्पर ओढण्यासाठी पिकअप ट्रक घेणारे बहुधा जाहिरातीतील ओढण्याच्या क्षमतेवर भाळतात. मर्यादा मात्र आधी गाठली जाते ती भारक्षमतेची. ७ हजार पौंडांचा कॅम्पर जोडला, की त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग, म्हणजे ७०० ते १०५० पौंड, ट्रकच्या हूकवर येतो. तो कमी ठेवल्यास कॅम्पर वेगात हेलकावे खातो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत भारक्षमता १५०० पौंड असेल, तर चालकासह कुटुंब व सामानासाठी उरतात ४५० ते ८०० पौंड. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही हा आकडा बदलतो. मोठी केबिन, सनरूफ तो घटवतात. म्हणून माहितीपुस्तिकेऐवजी त्याच गाडीची पट्टी वाचावी. हौद्यातही माल भरायचा असल्यास एफ-१५० ऐवजी एफ-२५०च्या वर्गाकडे वळावे. तेथेही जड डिझेल इंजिनाचे वजन भारक्षमतेतूनच वजा होते.