कोणती चूक दप्तरी लावायची?

शेलूबाजारात दप्तर कुणाला नवं नाही. जमीन विकली, वारस लागले, की तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो. कुणी हरकत घेतली तर ती जाते वेगळ्या वहीत, विवादग्रस्त प्रकरणांच्या. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १५० तसंच सांगतं. दोन वह्या कशाला? कारण दुसरी वही उघडणाऱ्याला निकाल द्यायचा असतो. ती नेहमीच्या फेरफारांनी भरली, तर हरकत सापडायची कशी?

सर्व्हरवरचा प्रोग्राम मध्येच अडतो, त्याला एक्सेप्शन म्हणतात. ते कुठं आणि किती नोंदवायचं, हा तसाच प्रश्न. १९८० च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रामसाठी सिसलॉग ही नोंदीची पद्धत काढली. तिच्यात तीव्रतेच्या आठ पायऱ्या रूढ झाल्या : ० म्हणजे यंत्रणाच निकामी, ७ म्हणजे प्रोग्रामरची बारीकसारीक टिपणं. २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या दस्तऐवजानं ही रीत लिहून ठेवली. पण कोणती चूक कोणत्या पायरीवर ठेवायची, हे ज्याचं त्यानंच ठरवायचं राहिलं.

आता इथलंच उदाहरण घ्या. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली. समजा, अशा एखाद्या ॲपवर शेतकरी सोयाबीन नोंदवतोय. गट नंबर चुकला, तर त्याला तिथंच सांगा. सर्व्हरची ती चूक नव्हेच. रेंज गेली आणि दुसऱ्या खेपेला माहिती पोचली, तर साधी ओळ पुरे. पण माहिती पोचूनही डेटाबेसमध्ये साठली नाही, तर पूर्ण नोंद हवी : वेळ, विनंतीचा क्रमांक, मूळ कारण. उद्या मदतीच्या वेळी सातबाऱ्यावर पीक दिसलं नाही, तर त्याच्या बाजूनं बोलणारी तेवढीच एक ओळ असेल. ती शंभर फालतू ओळींखाली गाडू नका. एकच चूक प्रत्येक थरावरही लिहू नका. जिथं निस्तरता, तिथं एकदाच.

नोंद करणंही निर्धोक नसतं बरं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदीच्या साधनातलं भगदाड उघड झालं. बाहेरून आलेला मजकूर लॉगमध्ये लिहिताना त्यातली सूचनाच पाळली जाई, आणि हल्लेखोराचा कोड सर्व्हरवर चाले.

म्हणून चूक दप्तरी लावण्याआधी विचारा : ही ओळ वाचून उद्या सकाळी कोण काय करणार? उत्तर नसेल, तर ती हरकतींच्या वहीत नको.