थेम्सवरून सेनकडे, जून १८५८

१६ जून १८५८. तुम्ही लंडन ब्रिजवर उभे आहात. सावलीतही पारा पस्तिशीच्या आसपास आहे आणि खालून असा भपकारा येतोय की नाकावरचा रुमाल काढवत नाही. कठड्यावरून वाकून बघा. ओहोटी लागलीय, काठचा काळा, बुडबुडे सोडणारा गाळ उघडा पडलाय. पंचवीस लाखांहून अधिक वस्तीचं शहर. घरोघरी फ्लशचे संडास आले, मैल्याचे जुने खड्डे बंद झाले आणि सगळं नदीत सोडून दिलं गेलं.

वेस्टमिन्स्टरकडे चला. पार्लमेंटच्या नदीकडच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगलेत, तरी सभासद टिकत नाहीत. आत विषय चाललाय कंपनीकडून हिंदुस्थान काढून राणीच्या हाती देण्याचा. याच आठवड्यात ग्वाल्हेरला झाशीची राणी धारातीर्थी पडतेय. इथे कुणाला त्याचा पत्ता नाही. हिंदुस्थानचा कायदा आणि थेम्स साफ करण्याचा कायदा, दोन्हींवर २ ऑगस्टला एकाच दिवशी मोहोर उठेल.

आणि आजच, याच शहरात, डॉ. जॉन स्नो वारले. कॉलरा वासातून नाही, पाण्यातून पसरतो हे त्यांनी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून दाखवलं होतं. पार्लमेंट मात्र अजून वासालाच भितंय. कारण चुकीचं, पण काम बरोबर: इंजिनिअर जोसेफ बॅझलजेटला पैसे मिळतील आणि थेम्सला समांतर मोठी गटारं खणली जातील.

रेल्वे, मग खाडी ओलांडणारी बोट, पुन्हा रेल्वे, आणि तुम्ही पॅरिसला. एप्रिलमध्येच खुला झालेला सेबास्तोपोल बुलेव्हार समोर आहे: तीस मीटर रुंद, सरळसोट, गॅसच्या दिव्यांनी उजळलेला. पण बाजूच्या अर्धवट पाडलेल्या घराकडे बघा. उघड्या भिंतीवर एकेका मजल्याचा वेगळा वॉलपेपर, कुठे फुलं, कुठे निळे पट्टे, आणि मधून वर गेलेली धुराड्याची काळी रेघ. इथे कुणाचा तरी संसार होता. सम्राट तिसऱ्या नेपोलियनचा प्रीफेक्ट ओस्मान नकाशावर रेघ मारतो आणि वस्ती उठते. भाडेकरू शहराच्या कडेला बेलव्हिलच्या चढावर जागा शोधत निघतात.

रस्त्याखाली इंजिनिअर बेलग्रां माणूस ताठ उभा राहील एवढी गटारं बांधतोय, आणि ती खरोखर देखणी आहेत. पण त्यांत पावसाचं आणि रस्त्यावरचं पाणी जातं. मैला अजून घरांखालच्या खड्ड्यांतच. रात्री थांबलात तर तो उपसणाऱ्यांच्या गाड्यांचा खडखडाट ऐकू येईल. माल शहराबाहेर बोंदीला जातो, तिथे त्याचं खत होतं.

मला विचाराल तर देखणेपणात पॅरिसला तोड नाही, पण माझं मत लंडनच्या गटारांना. ती आधी माणसाचा जीव वाचवायला निघाली. तीही सगळ्यांपर्यंत वेळेत पोचली नाहीत, हे तिथल्या पूर्वभागाने भोगलं. १८६६ मध्ये कॉलरा परत आला तो नेमका त्याच गोरगरीब वस्तीत, जिथली जोडणी राहिली होती. १८६८ मध्ये ॲबी मिल्सच्या पंपघराची वाफेची इंजिनं सुरू झाली आणि तिथला मैलाही खेचला जाऊ लागला. लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ त्यानंतर आली नाही. पॅरिसमध्ये १८९२ मध्येही कॉलरा होता. घरातला मैला गटाराला जोडण्याची सक्ती तिथे १८९४ मध्ये झाली.