स्टार गेला की कंपनी जाते?

मावळातल्या गावच्या जत्रेत तमाशाचं पोस्टर बघा. फडाचं नाव बहुतेक वेळा कलावंताचंच असतं. हे कंपनीला किती महागात पडू शकतं, ते संगीत नाटकाच्या इतिहासात दिसतं.

किर्लोस्कर नाटक मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले, तरी मंडळी टिकली; भाऊराव कोल्हटकर होते ना! भाऊराव १९०१ मध्ये गेले. १९०५ मध्ये बालगंधर्व आले आणि गाडी परत रुळावर.

पण १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले. आपल्या भाषेत, अख्खी कोअर टीम उठली आणि समोरच दुकान थाटलं: गंधर्व नाटक मंडळी. किर्लोस्करांनी मास्टर दीनानाथांना पुढे आणलं. तेही १९१८ मध्ये बलवंत संगीत मंडळी काढायला निघून गेले. जुना दिमाख पुन्हा आला नाही.

तिसरी स्पर्धक म्हणजे केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव आणि बालगंधर्व मुंबईत 'संयुक्त मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले. त्याच ऑक्टोबरमध्ये केशवराव वारले. तरी ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी चालवली, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी.

गंधर्व मंडळी मात्र एकाच गळ्यावर उभी होती. खर्च राजेशाही, कर्ज डोक्यावर. १९३५ मध्ये बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' सिनेमात दिसले.

मला फरक नावातच दिसतो. ललितकलादर्शच्या नावात केशवराव नव्हते. गंधर्व मंडळीतून गंधर्व वजा केले, तर काय उरतं?